किनारा, घाट आणि वाळवंट : एका आठवड्याचे हवामान पुण्यात बसून कसे टिपावे

जुलैमधल्या एखाद्या सोमवारी पुण्यात सकाळपासून नुसती भुरभुर चालू असते. त्याच वेळी श्रीवर्धनला राहणारी माझी धाकटी बहीण फोनवर सांगते की रात्रीपासून झड लागली आहे आणि दोरीवरचे कपडे तीन दिवस वाळलेले नाहीत. तर नोकरीनिमित्त जैसलमेरला असलेला मामेभाऊ सांगतो की तिथे सकाळी दहा वाजताच अंगणात अनवाणी पाय ठेववत नाही. या तिन्ही ठिकाणांचे हवामान एकमेकांना बांधलेले असते, हे मला पुस्तकांपेक्षा वहीने शिकवले. दर पावसाळ्यात निदान एक आठवडा मी किनारा, घाट आणि वाळवंट यांची नोंद शेजारी शेजारी ठेवतो. ती कशी ठेवावी आणि ठेवल्यावर कशी वाचावी, हे येथे सविस्तर सांगत आहे.

पुणेकरांना या उद्योगाचे वावडे असण्याचे कारण नाही. शिवाजीनगरच्या ज्या चौकाला आपण सिमला ऑफिस म्हणतो, त्याला ते नाव हवामान खात्यामुळेच मिळाले. खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्यात आले आणि १९४४ मध्ये दिल्लीला गेले, तरी खात्याचे मोठे काम आजही पुण्यातूनच चालते. १९६२ मध्ये स्थापन झालेली भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था पाषाणला आहे. इतके सगळे हाताशी असताना आपण मात्र फोनवर ढगाचे चित्र पाहून छत्री घ्यायची की नाही एवढेच ठरवतो.

वही आणि फोन

दोनशे पानी साधी वही घ्यावी. प्रत्येक दिवसाला समोरासमोरची दोन पाने द्यावीत आणि त्यांवर किनारा, घाट, वाळवंट असे तीन रुंद रकाने व पुण्यासाठी कडेला एक अरुंद रकाना आखावा. प्रत्येक रकान्यात कमाल तापमान, किमान तापमान, चोवीस तासांचा पाऊस आणि वाऱ्याची दिशा लिहावी. त्याखाली तिथल्या माणसाच्या तोंडचे एक वाक्य जसेच्या तसे उतरवावे. आकडे खात्याच्या संकेतस्थळावर किंवा ‘मौसम’ या ॲपवर मिळतात. वाक्य मात्र माणसाकडूनच मिळवावे लागते आणि आठवड्याच्या शेवटी पुष्कळदा तेच अधिक उपयोगी पडते.

फोनची वेळ रोज एकच ठेवावी आणि प्रश्नही तेच विचारावेत. “पाऊस आहे का?” या प्रश्नाला “आहे” किंवा “नाही” यापलीकडे उत्तर येत नाही. त्याऐवजी वारा कोणत्या बाजूने आहे, नेहमी दिसणारा डोंगर किंवा बेट आज दिसते का, आणि सकाळी वाळत घातलेला पंचा किती वेळात वाळला, हे विचारावे. शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण हवेतील ओलाव्याचे याहून सोपे माप घरात नाही. श्रीवर्धनला जुलैत पंचा दुसऱ्या दिवशीही दमट असतो. जैसलमेरला मे महिन्यात तो अर्ध्या तासात कडकडीत वाळतो. आणि तोच पंचा वाळायला जैसलमेरला दोन तास लागले, तर तिकडे ओलसर हवा पोहोचली असे समजण्यास हरकत नाही.

पावसाच्या नोंदीत एक चूक जवळपास प्रत्येकाकडून होते. खात्याचा पावसाचा दिवस मध्यरात्री बदलत नाही. तो सकाळी साडेआठला संपतो आणि ज्या तारखेला संपतो त्या तारखेवर आकडा लिहिला जातो. म्हणजे मंगळवारी दुपारी कोसळलेला पाऊस बुधवारच्या नोंदीत दिसतो. हे ध्यानात न घेता वही भरली, तर सबंध आठवडा एका दिवसाने सरकतो आणि तिन्ही रकान्यांचा मेळ बसत नाही.

गच्चीवरचा पर्जन्यमापक

पुण्याचा रकाना तरी स्वतः मोजलेल्या आकड्यांनी भरावा. त्यासाठी १६ सेंटिमीटर व्यासाचे नरसाळे आणि खाली एक पाच लिटरचा कॅन पुरतो. या व्यासाच्या तोंडाचे क्षेत्रफळ जवळजवळ २०० चौरस सेंटिमीटर भरते, त्यामुळे कॅनमध्ये साठलेले दर २० मिलिलिटर पाणी म्हणजे एक मिलिमीटर पाऊस, असा सोपा हिशेब होतो. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या मापाने किंवा दुधाच्या मापाने पाणी मोजावे. नरसाळे निराळ्या व्यासाचे असेल, तर मिलिलिटरमधील पाण्याला दहाने गुणून तोंडाच्या चौरस सेंटिमीटरमधील क्षेत्रफळाने भागावे. कॅन विटांमध्ये घट्ट बसवावा, कारण रिकामा कॅन पहिल्याच सोसाट्यात गच्चीभर फिरतो.

जागा निवडताना फार काळजी घ्यावी. पहिल्या वर्षी मी कॅन गच्चीच्या पश्चिमेकडील कठड्याला टेकवून ठेवला होता. पाऊस वाऱ्याबरोबर तिरपा येतो आणि पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेचा असतो, त्यामुळे कठड्याने निम्मा पाऊस अडवला, आणि मी मात्र आठवडाभर शिवाजीनगरच्या आकड्याशी माझा आकडा जुळत नाही म्हणून मोजमापालाच दोष देत राहिलो. कठडा, टाकी किंवा झाड जितके उंच असेल, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर कॅन ठेवावा. एवढे करूनही आपला आकडा वेधशाळेपेक्षा वेगळा येईल आणि तो वेगळा येणेच योग्य आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा कुलाब्याला त्याच्या दहाव्या हिश्शाइतकाही नव्हता.

ज्यांच्या फोनमध्ये हवेचा दाब मोजण्याची सोय आहे, त्यांनी तोही टिपावा. मात्र रोज एकाच वेळी. हवेचा दाब दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी दहाच्या सुमारास तो चढलेला असतो, दुपारी चारच्या सुमारास उतरलेला असतो. सकाळचा आकडा संध्याकाळच्या आकड्याशी ताडून वादळ येत आहे असा निष्कर्ष काढणे म्हणूनच चुकीचे ठरते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने फोनवर ९४५ हेक्टोपास्कलच्या आसपासचा आकडा दिसेल; नकाशावर मात्र तोच दाब समुद्रसपाटीवर आणून हजाराच्या वर दाखवलेला असतो. आपल्याला आकड्याशी कर्तव्य नाही, कालच्या याच वेळेपेक्षा तो किती उतरला याच्याशी आहे.

अंदाजातील शब्द नीट वाचावेत

या भागावर मी जरा अधिक रेंगाळणार आहे, कारण येथील गैरसमज महागात पडतात. खात्याच्या भाषेत ‘तुरळक ठिकाणी’ हा शब्द पावसाच्या जोराबद्दल काहीच सांगत नाही. त्या विभागातील एक चतुर्थांशापर्यंत केंद्रांवर पाऊस होईल, एवढाच त्याचा अर्थ. ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे पाऊणपर्यंत आणि त्यापुढे ‘बहुतांश ठिकाणी’. काही वर्षांपूर्वी ‘तुरळक ठिकाणी अतिमुसळधार’ असे वाचून, तुरळकच आहे ना, अशा समजुतीने मी घरच्यांना घेऊन मुळशीच्या पुढे गेलो. ज्या मोजक्या ठिकाणी तो पाऊस पडायचा होता, त्यांपैकी एक आम्हीच गाठले. परतीच्या रस्त्यावर ओढ्याचे पाणी आले आणि चार तास आम्ही एका चहाच्या टपरीत, ओल्या अंगाने, लहान मुलाला शालीत गुंडाळून बसून होतो. त्या दिवसापासून वहीच्या पहिल्या पानावर या शब्दांचे अर्थ मी लिहून ठेवले आहेत, आणि वाचकांनीही तसेच करावे.

जोर सांगणारे शब्द निराळे असतात. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे पडला तर तो मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार आणि २०४.५ पासून अत्यंत मुसळधार. रंगांपैकी पिवळा लक्ष ठेवण्यास सांगतो, नारिंगी तयारीत राहण्यास सांगतो आणि लाल हालचाल करण्यास सांगतो. हिरव्याचा अर्थ इशारा नाही एवढाच, पाऊस नाही असा नव्हे.

तिसरी गोष्ट विभागांची. पुणे ‘मध्य महाराष्ट्र’ या विभागात मोडते, आणि वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणारे महाबळेश्वर व जेमतेम पाचशेच्या आसपास पावसावर दिवस काढणारा माण तालुका, दोन्हीही त्याच विभागात मोडतात. म्हणून विभागाचा अंदाज वाचून थांबू नये. जिल्ह्याचा पाहावा आणि पुणे, सातारा व कोल्हापूरसाठी घाटमाथ्याचा इशारा वेगळा दिलेला असतो तो आवर्जून पाहावा.

उष्णतेची लाट ठरवण्याच्या कसोट्याही जागेप्रमाणे बदलतात. मैदानी भागात कमाल तापमान ४० अंशांवर, किनाऱ्यावर ३७ अंशांवर आणि डोंगराळ भागात ३० अंशांवर पोहोचून ते सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी अधिक असेल, तेव्हा लाट म्हणतात. मैदानात पारा ४५ अंशांवर गेला, की सरासरी न पाहताही लाट धरली जाते. श्रीवर्धनचे ३७ आणि जैसलमेरचे ४२ यांची तुलना करून “तुमच्याकडे काहीच नाही” असे कोकणातल्या माणसाला कधीही म्हणू नये. दमट हवेत घाम अंगावरच राहतो, तो वाळल्याशिवाय शरीर थंड होत नाही, आणि सदतीस अंशांतही माणूस आजारी पडतो.

किनाऱ्याचा रकाना

किनाऱ्यावर वारा सर्वांत आधी टिपावा. उन्हाळ्यात व हिवाळ्यात तेथे दिवसा समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे आणि रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे, असा ठरलेला पाळा असतो. ही अदलाबदल बंद होऊन रात्रंदिवस समुद्राकडूनच वारा येऊ लागला, की मान्सूनचा प्रवाह स्थिरावला असे समजावे. खात्याच्या पत्रकात ‘किनारपट्टीला समांतर कमी दाबाचा पट्टा’ हे शब्द आले आणि तो गुजरातपासून केरळपर्यंत पसरलेला असला, तर पुढील दोन-तीन दिवस कोकणच्या रकान्यात पावसाचा आकडा शंभर मिलिमीटरच्या पुढे जाणार, याची बहुधा खात्री असते.

त्या दिवसांत भरतीची वेळही लिहावी. खाडीलगतच्या गावांत पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली, की नदीच्या पाण्याला समुद्रात उतरायला वाव राहत नाही. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला असे बहिणीने सांगितले, की मी तो शब्दशः उतरवतो. सोसाट्याचे वारे अपेक्षित असल्याची ती खूण आहे आणि कोळीवाड्यात तिला अंदाजाच्या पत्रकापेक्षा अधिक मान असतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा नारळी-पोफळीच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. चक्रीवादळाचा इशारा असेल त्या आठवड्यात वही बाजूला ठेवून तिकडच्या माणसांना फक्त एकच गोष्ट सांगावी, की स्थलांतर करण्यास सांगितले असेल तर दुपारची वाट पाहू नये. आणि मध्येच वारा एकदम पडला, तर तो वादळाचा मध्य असू शकतो व उलट्या दिशेचा वारा अजून यायचा असतो, म्हणून बाहेर पडू नये.

घाटाचा रकाना

समुद्रावरून आलेली ओलसर हवा सह्याद्रीच्या कड्याला अडते, वर चढते, चढताना थंड होते आणि पाणी टाकून देते. माथा ओलांडून ती पुण्याकडे उतरू लागली की पुन्हा तापते आणि ढग विरतात. त्यामुळे लोणावळ्याला धो धो कोसळत असताना पासष्ट किलोमीटरवर शिवाजीनगरला रस्ते नुसते ओले असतात. घाटाचा रकाना भरताना म्हणूनच दोन आकडे घ्यावेत, एक माथ्याचा आणि एक पूर्वेकडील पायथ्याचा. माझ्या वहीत महाबळेश्वर आणि वाई अशी जोडी असते. दोन्हींतील फरक मोठा असेल तर वारा जोरकस व पश्चिमेचा आहे. दोन्हीकडे सारखाच पाऊस असेल तर तो गडगडाटी किंवा कमी दाबाच्या क्षेत्राचा आहे, असे सर्वसाधारणपणे म्हणता येते.

पुणेकरांसाठी या रकान्याला आणखी एक पोटरकाना जोडावा, खडकवासल्यातून सोडलेल्या विसर्गाचा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर पाणी. शहरात उघडीप असतानाही टेमघर, वरसगाव, पानशेतच्या पाणलोटात पाऊस पडतो आणि मुठेचे पाणी भिडे पुलावर येते, ते याच कारणाने. याच्या उलट २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री धरणांकडे बोट दाखवण्यासारखे काही नव्हते. कात्रज परिसरातील जोरदार पावसाने आंबिल ओढ्याला पूर आला आणि माणसे दगावली. नदीकाठी राहणाऱ्याने घाटाकडे पाहावे आणि ओढ्याकाठी राहणाऱ्याने डोक्यावरच्या आभाळाकडे.

उंचीचा हिशेब सोपा आहे. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, त्यामुळे किल्ल्यावर जाताना पायथ्याच्या अंदाजातून तेवढे वजा करावे आणि वारा व ओले कपडे यांसाठी आणखी थोडी तयारी ठेवावी. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत. तीन सेकंदांना एक किलोमीटर धरावे. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर माथ्यावरून खाली उतरून पक्क्या इमारतीचा आसरा घ्यावा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. ‘दामिनी’ हे ॲप याच कामासाठी आहे. आणि सलग तीन-चार दिवस घाटात मुसळधार पडून गेल्यावर, आज पाऊस कमी आहे म्हणून डोंगरउतारावरील घराला धोका नाही असे मानू नये. जमीन पाणी पिऊन जड झालेली असते. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव डोंगराखाली गेले, ती पहाट पुणे जिल्ह्यात कोणी विसरलेले नाही. जमिनीला नवी भेग दिसली, झाडे किंवा खांब कलले, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ झाले, तर पंचनाम्याची वाट न पाहता घर सोडावे.

वाळवंटाचा रकाना

वाळवंटात पावसाच्या जागी बहुतेक दिवशी शून्यच लिहावे लागते, म्हणून येथे कमाल व किमान तापमानांतील फरक हा मुख्य आकडा धरावा. कोरडी हवा आणि निरभ्र आकाश असले की दिवसाची उष्णता रात्री निघून जाते, आणि मे महिन्यात जैसलमेरला हा फरक पंधरा-सोळा अंशांचा असतो. रात्री उकाडा वाढून फरक दहा-अकरावर आला, की ओलावा पोहोचला. कोकणात जुलैत हाच फरक चार-पाच अंशांवर येऊन ठेपतो. तीन रकान्यांतील हे तीन फरक रोज एका ओळीत लिहिले, तर मान्सून कुठवर पोहोचला आहे हे नकाशा न पाहताही कळू लागते.

राजस्थानातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमान नोंदले गेले. असे दिवस तिकडची माणसे काढतात ती वेळा सांभाळून; दुपारी बाराला दार लावायचे ते पाचला उघडायचे. धुळीची आंधी येण्यापूर्वी दुपार स्तब्ध असते आणि मग क्षितिजावर तपकिरी भिंत उभी राहते. त्या वेळी गाडीत असल्यास ती रस्त्यापासून दूर उतरवून दिवे बंद करावेत, कारण दिव्यांच्या रोखाने मागची गाडी येऊन धडकू शकते. वाळवंटात पूर येत नाही, हा समजही काढून टाकावा. ऑगस्ट २००६ मध्ये बाडमेर जिल्ह्यातील कवास पाण्याखाली गेले आणि पाणी लवकर मुरेना.

आठवडा एका ओळीत वाचताना

आता तिन्ही रकाने बांधणारा धागा. पावसाळ्यात खात्याच्या पत्रकात जैसलमेर, बिकानेर किंवा श्रीगंगानगरपासून सुरू होऊन बंगालच्या उपसागरापर्यंत जाणाऱ्या ‘मान्सूनच्या आसा’चा, म्हणजे कमी दाबाच्या लांबलचक पट्ट्याचा, उल्लेख रोज असतो. तो कोणकोणत्या गावांवरून जातो ते वहीच्या माथ्यावर लिहावे. उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र तयार होऊन ते ओडिशा, छत्तीसगड, मध्य प्रदेश असे पश्चिमेकडे सरकू लागले, की अरबी समुद्रावरील वारे जोर धरतात. अशा आठवड्यात आधी विदर्भात, मग कोकणात व घाटमाथ्यावर पाऊस वाढतो आणि तीन-चार दिवसांनी, क्षेत्र राजस्थानकडे पोहोचल्यावर, मामेभावाच्या रकान्यातले शून्य पुसले जाते. त्यानंतर आस उत्तरेकडे सरकून हिमालयाच्या पायथ्याशी गेला, तर आपल्याकडे उघडीप पडते आणि तिकडे डोंगरांत पाऊस वाढतो. म्हणून पुण्यात छान ऊन पडले म्हणजे उत्तराखंडची यात्राही सुखाची होईल, हे गणित पावसाळ्यात नेमके उलटे असते. १६ जून २०१३ रोजी मान्सूनने पश्चिम राजस्थानसह सारा देश नेहमीपेक्षा सुमारे महिनाभर आधी व्यापला होता, आणि त्याच दोन दिवसांत केदारनाथचा प्रलय झाला.

रविवारी संध्याकाळी, सोमवारी लिहून ठेवलेला सात दिवसांचा अंदाज लाल शाईने प्रत्यक्षाशेजारी उतरवावा. पहिले दोन-तीन दिवस बहुधा जुळतात. पुढच्या दिवसांत पाऊस वाढणार की ओसरणार एवढा कल जुळला तरी अंदाज चांगला मानावा. जिथे जुळले नाही तिथे आस कुठे होता ते पाहावे आणि फोनवरचे वाक्य पुन्हा वाचावे. गेल्या खेपेस जैसलमेरच्या रकान्यात गुरुवारी पाऊस शून्य होता, अंदाजही कोरडाच होता, पण त्याखाली मामेभावाचे वाक्य होते, “आज पंचा संध्याकाळपर्यंत दमटच राहिला.” शनिवारी तिथे पाऊस झाला. सोमवारी सकाळी साडेआठला कॅन मोजून रिकामा करावा, नरसाळ्यातील पाने काढावीत आणि नवे पान आखावे.